तुरुंगात जाऊन बघणाऱ्यांची नोकरी

मे १९८२ मध्ये पत्रकार शीला बारसे मुंबई मध्यवर्ती कारागृहात गेल्या आणि तिथल्या पंधरा कैदी स्त्रियांशी बोलल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, न्यायालयानं ते याचिका म्हणून दाखल करून घेतलं, आणि मग प्रश्न आला तो अगदी व्यवहारातला. खरं काय ते बघायला पाठवायचं कुणाला? पोलिसांना विचारावं तर आरोप त्यांच्यावरच. तुरुंग खात्याला विचारावं तर तेही गृह विभागाच्याच हाताखालचं. अखेर न्यायालयानं निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. आर्मायटी देसाई यांना सांगितलं, की तुम्ही जा, या स्त्रियांशी बोला, बोलताना दुसरं कुणीही जवळ असता कामा नये, आणि काय आढळलं ते आम्हाला कळवा.

देसाई गेल्या मारहाणीची शहानिशा करायला. त्यांच्या अहवालात मात्र न विचारलेली गोष्टही ठळकपणे आली: या स्त्रियांना वकील मिळण्याची धड सोयच नाही. एका वकिलानं दोन परदेशी कैदी स्त्रियांना फसवल्याची हकिकतही त्यात होती. १५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालात न्यायमूर्ती भगवतींनी जे आदेश दिले, त्यांतला बराच भाग या न विचारलेल्या गोष्टीवर उभा आहे. सरावलेली नजर आत गेली म्हणून हे झालं. दुसरं कुणी असतं तर 'मारहाण झाली' किंवा 'झाली नाही' एवढं लिहून परत आलं असतं.

चाळीस वर्षं उलटून गेली, तरी पाठवायचं कुणाला या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नाही. दर वेळी नवीन माणूस शोधावा लागतो: एखाद्या महाविद्यालयाच्या प्राचार्या, एखादे निवृत्त न्यायमूर्ती, एखादी पत्रकार. तुरुंगात जाऊन बघणं, बघितलेलं लिहिणं आणि लिहिलेल्याचं पुढे काय झालं याचा पिच्छा पुरवणं हे ज्याचं रोजचं, पगारी, आयुष्यभराचं काम आहे, असं पद महाराष्ट्रात नाही; देशातही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ते असायला हवं. त्याला शिक्षण हवं, बढती हवी, निवृत्तिवेतन हवं, आणि त्या वाटेनं चालत जाऊन माणसाला सर्वांत वरच्या खुर्चीपर्यंत पोचता यायला हवं.

आपल्याकडे देखरेख मुळीच नाही असं नाही. कागदावर तर ती भरपूर आहे. प्रत्येक कारागृहाला अभ्यागत मंडळ असतं. जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी, आरोग्य, शिक्षण, समाजकल्याण अशा खात्यांचे अधिकारी हे त्याचे शासकीय सदस्य, आणि त्यांच्या जोडीला समाजातले काही अशासकीय अभ्यागत. शिवाय विधी सेवा प्राधिकरणाचे वकील आहेत, कच्च्या कैद्यांच्या प्रकरणांचा आढावा घेणारी समिती आहे, राज्य आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आहेत. राष्ट्रीय आयोगाची गंमत म्हणजे, १९९३ च्या मूळ कायद्यानुसार त्याला तुरुंगात जायचं तर आधी राज्य सरकारला कळवून जावं लागे. ती अट निघायला २००६ साल उजाडलं.

आता हे सगळे सदस्य माणसं म्हणून डोळ्यांसमोर आणा. जिल्हा न्यायाधीशांच्या बोर्डावर रोज शेकडो प्रकरणं. जिल्हाधिकाऱ्यांच्या मागे दुष्काळ, निवडणूक, पालकमंत्र्यांचा दौरा. आरोग्य अधिकाऱ्याला स्वतःचं रुग्णालय चालवायला माणसं पुरत नाहीत. अशासकीय अभ्यागत म्हणून नेमले जातात ते बहुधा गावातले प्रतिष्ठित लोक, आणि नेमणूक सरकार करणार म्हटल्यावर सरकारच्या मर्जीतले असण्याची शक्यता अधिक. यांतल्या प्रत्येकाच्या कामाच्या यादीत तुरुंग शेवटच्या ओळीत असतो. मग भेट होते ती कशी? फाटक उघडतं, अधीक्षक चहा देतात, सर्कलमधून फेरी होते, स्वयंपाकघरातली डाळ चाखली जाते, बरॅकसमोर उभं राहून 'कुणाची काही तक्रार?' असं विचारलं जातं. विचारणाऱ्याच्या शेजारी अधीक्षक आणि मागे तुरुंगाधिकारी. ज्याला रात्री त्याच बरॅकमध्ये झोपायचं आहे, तो काय बोलणार? शेरेबुकात 'व्यवस्था समाधानकारक' लिहून सही होते. अभ्यागत वाईट असतात असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्यांना कुणी शिकवलेलं नाही, एवढंच. कैद्यांचा मृत्यू झाला असेल तर कोणती नोंदवही मागायची, रजेवर सोडलेल्यांचे अर्ज किती दिवस कुठल्या टेबलावर पडून होते ते कसं काढायचं, गेल्या भेटीत नोंदवलेल्या त्रुटीचं काय झालं हे कुणाला विचारायचं, ही या कामाची कसबं आहेत. हौसेनं किंवा पदसिद्ध म्हणून आलेल्या माणसाकडे ती असतीलच कशी?

कैद्याच्या छळाविषयीच्या सुनील बत्रा प्रकरणातल्या दुसऱ्या निकालात (निकाल डिसेंबर १९७९ चा) न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तुरुंगात तक्रार पेट्या लावायला सांगितल्या होत्या. त्या जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीशांच्या आदेशाखाली असाव्यात, त्यांनी स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत तुरुंगांना भेटी द्याव्यात, असंही म्हटलं होतं. पेटीची कल्पना चांगलीच होती. पण पेटी रोज उघडून, चिठ्ठी वाचून, चिठ्ठी लिहिणाऱ्याला त्रास होणार नाही अशा बेतानं चौकशी करायला कुणी तरी माणूस लागतो, आणि तो माणूस निकालपत्रातून निर्माण होत नाही. कोठडीतल्या छळाविषयीच्या डी. के. बसू प्रकरणात २०१५ साली न्यायालयानं पुन्हा अशासकीय अभ्यागत नेमा म्हणून सांगितलं. २०१३ मध्ये माजी सरन्यायाधीश लाहोटी यांच्या पत्रावरून १३८२ तुरुंगांतल्या अमानुष परिस्थितीचं प्रकरण सुरू झालं, त्यातून २०१८ साली न्यायमूर्ती अमिताव रॉय समिती नेमली गेली. दर काही वर्षांनी एक नवा आदेश, एक नवी समिती. समिती अहवाल देते आणि विसर्जित होते. तिला जे कळलं ते तिच्याबरोबरच जातं.

२०१७ च्या जूनमध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात एका कैदी स्त्रीचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. कारण काय, तर अंडी-पावाच्या हिशेबावरून झालेली बोलाचाली. दुसऱ्या दिवशी आतल्या बायका गच्चीवर चढून ओरडू लागल्या. सहा कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. हा तुरुंग काही आडरानात नाही. मुंबईच्या मध्यात आहे, उच्च न्यायालयापासून आणि मंत्रालयापासून टॅक्सीच्या अंतरावर. तिथून बाहेर आवाज पोचवायला गच्चीच लागली, कारण आत मधल्या टप्प्यावर कुणीच नव्हतं, जिच्याकडे आदल्या महिन्यात एखादी म्हणू शकली असती की अमुक बाई हात उचलतात.

मधला टप्पा नसला की दोनच गोष्टी उरतात. एक तर सगळं आतल्या आत दबतं, नाही तर उठून थेट न्यायालयात जातं. एल्गार परिषद खटल्यात तळोजा कारागृहात असलेल्या, कंपवातानं हात थरथरणाऱ्या ८३ वर्षांच्या स्टॅन स्वामींना पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर हवा होता. हा विषय २०२० मध्ये विशेष न्यायालयात तारखेवर गेला. त्या खटल्याबद्दल कुणाचं काहीही मत असो. सिपरसाठी न्यायाधीश लागावा, यात तुरुंगाची, न्यायालयाची आणि आपली सर्वांचीच शोभा झाली. कायद्यानं अधिकार दिलेला एखादा निरीक्षक असता, तर हा दहा मिनिटांचा विषय होता.

आकडेही एकदा बघून घेऊ. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या १३३० तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, आणि जागा होती ४,३६,२६६ जणांची. त्यातले ७५.८ टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे असे. महाराष्ट्रात गर्दी क्षमतेच्या दीडपटीहून अधिक. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत दर पाचशे कैद्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक असावा असं म्हटलंय. इंडिया जस्टिस रिपोर्टच्या २०२५ च्या आवृत्तीनुसार देशभरच्या तुरुंगांत मिळून मानसशास्त्रज्ञ आहेत पंचवीस. पाच लाख त्र्याहत्तर हजारांमागे पंचवीस!

ही दुरवस्था नेतृत्वाच्या प्रश्नापाशी येऊन ठेपते, आणि इथे एक जुना कागद उघडायला हवा. न्यायमूर्ती ए. एन. मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालच्या अखिल भारतीय कारागृह सुधारणा समितीनं १९८३ मध्ये अहवाल दिला. त्यातल्या दोन शिफारशी मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. पहिली, तुरुंग आणि सुधारसेवेसाठी आयएएस-आयपीएससारखी स्वतंत्र अखिल भारतीय सेवा. दुसरी, कायमस्वरूपी राष्ट्रीय कारागृह आयोग. दोन्ही झालं नाही. तुरुंग राज्यसूचीतला विषय, त्यामुळे केंद्रानं राज्यांकडे आणि राज्यांनी केंद्राकडे बोट दाखवावं हे सोपं होतं.

याचा परिणाम असा, की महाराष्ट्रात येरवड्याच्या दौलतराव जाधव महाविद्यालयात प्रशिक्षण घेऊन तुरुंगाधिकारी झालेला माणूस पंचवीस-तीस वर्षं बरॅक, कोर्टाची ने-आण, रजा, माफी, दंगा, आजारपण सगळं बघतो, अधीक्षक होतो, फार तर उपमहानिरीक्षक होतो. त्याच्या वरची खुर्ची आयपीएसची. तिथे येणारा अधिकारी काल शहराचा पोलीस आयुक्त होता आणि उद्या आणखी कुठे असेल. पोलीस दलात तर ही नेमणूक 'साइड पोस्टिंग' म्हणूनच ओळखली जाते. म्हणजे ज्याला तुरुंग कळतात तो प्रमुख होऊ शकत नाही, आणि जो प्रमुख होतो त्याला कळू लागेपर्यंत बदली होते.

यात चांगले अधिकारी झालेच नाहीत असं कोण म्हणेल? किरण बेदी १९९३ ते १९९५ तिहारच्या महानिरीक्षक होत्या. तक्रारींची फिरती पेटी, साक्षरता वर्ग, सत्यनारायण गोएंकांच्या मार्गदर्शनाखाली हजारभर कैद्यांचं विपश्यना शिबिर, हे सगळं त्या दोनेक वर्षांतलं. १९९४ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रात कारागृह विभागाच्या प्रमुख मीरां चढ्ढा-बोरवणकर यांच्या कारकिर्दीत दोन फाशी झाल्या, २०१२ ला येरवड्यात आणि २०१५ ला नागपुरात, आणि या कामाचं ओझं काय असतं यावर त्या पुढे मोकळेपणानं बोलल्या. मुद्दा त्यांच्या कर्तबगारीचा नाहीच. जी सुधारणा बदलीच्या आदेशाबरोबर येते, ती पुढच्या बदलीच्या आदेशाबरोबर जाऊ शकते. शिवाय हे प्रमुख तुरुंग *चालवणारे* आहेत. चालवणाऱ्यानंच स्वतःवर देखरेख करायची, ही कॅशियरकडूनच बँकेचं ऑडिट करून घेण्याची तऱ्हा झाली.

भिंतीच्या बाहेरच्या बाजूला, कैद्यांची वकिली करणाऱ्यांच्या जगात, माणसं आहेत आणि काही तर फार मोठी आहेत. पण त्यांनाही कारकीर्द नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० मध्ये मुंबईत सुरू झाला; तुरुंगात आणि कोठड्यांत प्रशिक्षित समाजकार्यकर्ते बसवणं ही कल्पना त्यानं रुजवली. त्यातून शिकलेली मुलं-मुली आज ठिकठिकाणी आहेत. पण अशा कामातली बहुतेक पदं प्रकल्पाची, अनुदानाची, फेलोशिपची. दोन वर्षं, तीन वर्षं, मग नूतनीकरण होईल की नाही याची वाट बघायची. पस्तिशीला, घरकर्ज आणि मुलांची शाळा सुरू झाली की यातले हुशार लोक कंपन्यांच्या सीएसआर विभागात जातात. मी त्यांना दोष देणार नाही. तुरुंगाच्या कारकुनाशी कसं बोलायचं, जामीन मंजूर होऊनही माणूस का सुटत नाही, हे त्यांना दहा वर्षांत उमगलेलं असतं, आणि ते त्यांच्याबरोबर निघून जातं.

बिहारचं उदाहरण घ्या. २०१५ मध्ये स्मिता चक्रवर्ती यांनी बिहार राज्य विधी सेवा प्राधिकरणासाठी तिथल्या ५८ तुरुंगांची पाहणी केली, सुमारे तीस हजार कैद्यांशी संवाद साधला. पुढे राजस्थानच्या खुल्या तुरुंगांवर त्यांनी जो अभ्यास केला, त्यामुळे देशभर खुल्या तुरुंगांची चर्चा पुन्हा सुरू झाली. राजस्थानातलं त्यांचं पद काय होतं? मानद कारागृह आयुक्त. मानद! एवढ्या प्रमाणावरचं काम, आणि आपल्या व्यवस्थेला त्यासाठी सुचलेला शब्द हा. (खुल्या तुरुंगाची कल्पना आपल्याला परकी नाही. सांगलीत आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर १९३९ चं, औंध संस्थानातलं; ती सुचवणारे मॉरिस फ्रीडमन पोलंडचे अभियंते होते आणि तिला मान्यता देणारे औंधचे राजे. दोघांपैकी कुणीही पोलीस खात्यातलं नव्हतं.)

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांतल्या जातिभेदावर निकाल दिला. अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत झाडलोट कुणी करायची आणि स्वयंपाक कुणी करायचा हे जातीवरून ठरवणारी कलमं होती. विमुक्त जमातींतल्या माणसांकडे सराईत गुन्हेगार म्हणून बघणारी भाषा होती. ती न्यायालयानं घटनाबाह्य ठरवली आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. हे न्यायालयात नेलं पत्रकार सुकन्या शांता यांनी. आता विचार करा, ही कलमं गुप्त नव्हती. छापील होती, अधीक्षकांच्या टेबलावर होती. दशकानुदशकं न्यायाधीश, जिल्हाधिकारी आणि अभ्यागत त्याच टेबलाशी बसून शेरे लिहीत होते. डोळे होते, पण बघणं हे त्यांचं काम नव्हतं. निकालात न्यायालयानं पुढच्या पाहणीची जबाबदारी टाकली ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळ यांच्यावरच. दुसरं होतं तरी कोण?

शीला बारसे यांच्या गोष्टीला एक पुढचं प्रकरण आहे, ते सहसा कुणी सांगत नाही. त्यांना मुलाखतींची परवानगी तुरुंग महानिरीक्षकांनीच दिली होती. त्या टेपरेकॉर्डर वापरू लागल्यावर आक्षेप आला, आणि पुढे परवानगीच काढून घेतली गेली. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की नागरिकांनी आणि पत्रकारांनी कैद्यांच्या मुलाखती घेण्यात गैर नाही, मात्र त्यावर वाजवी बंधनं असतील, ध्वनिमुद्रणाला परवानगी लागेल. निकाल समजूतदार आहे. पण बाहेरच्या माणसाचं आत जाणं तुरुंगाच्या मर्जीवर आहे, हे त्यातून पक्कं झालं. म्हणून केवळ धाडसी पत्रकार आणि वकिलांच्या भरवशावर राहता येत नाही. न विचारता दार उघडायला लावण्याचा अधिकार कायद्यानं एखाद्या पदाला द्यावा लागतो.

असं पद इंग्लंडमध्ये आहे. तुरुंगांच्या मुख्य निरीक्षकाचं स्वतंत्र कार्यालय तिथे १९८१ मध्ये सुरू झालं आणि पुढच्या वर्षी त्याला कायद्याचा आधार मिळाला. मला तिथल्या नियमांपेक्षा तिथल्या माणसांचं अधिक कुतूहल आहे. स्टीफन ट्यूमिम न्यायाधीश होते. त्यांच्यानंतर आलेले डेव्हिड रॅम्सबॉटम लष्करातले निवृत्त जनरल. डिसेंबर १९९५ मध्ये लंडनच्या हॉलोवे महिला तुरुंगाची अवस्था बघून ते आपलं पथक घेऊन तपासणी अर्धवट टाकून बाहेर पडले, आणि देशभर गाजावाजा झाला. २००१ मध्ये आल्या ॲन ओवर्स. त्या आधी कायदा सुधारणेसाठी झटणाऱ्या संस्थेच्या संचालक होत्या, त्याआधी स्थलांतरितांच्या हक्कांसाठी काम करत. नऊ वर्षं मुख्य निरीक्षक, नंतर पोलिसांविरुद्धच्या तक्रारींच्या आयोगाच्या अध्यक्ष, आणि नंतर तुरुंगांवर देखरेख करणाऱ्या स्थानिक मंडळांच्या राष्ट्रीय अध्यक्ष. त्यांच्यामागून आलेले निक हार्डविक बेघर तरुणांसाठीच्या संस्थेतून आणि निर्वासितांच्या संस्थेतून वर आलेले. म्हणजे चळवळीत उमेदवारी केलेली माणसं राज्यव्यवस्थेच्या देखरेखीच्या पदावर बसतात, आणि त्याला कुणी नाकं मुरडत नाही. असा जिना आपल्याकडे कुठे आहे?

इंग्लंडचे तुरुंग आदर्श आहेत असं मात्र समजू नका. गर्दी तिथेही इतकी, की २०२४ च्या सप्टेंबरात कैद्यांना मुदतीआधी सोडावं लागलं. तपासणीनं तुरुंग आपोआप सुधारत नाहीत. पण २०१७ पासून मुख्य निरीक्षकाला एखादा तुरुंग फारच बिघडलेला दिसला तर तो मंत्र्याला तातडीची नोटीस देतो, ती जाहीर होते, आणि मंत्र्याला २८ दिवसांत जाहीर उत्तर द्यावं लागतं. 'आम्हाला कल्पना नव्हती' हे वाक्य मंत्र्याच्या तोंडून काढून घेणं ही छोटी गोष्ट नाही.

आपल्याला जवळचा धडा मात्र दक्षिण आफ्रिकेचा आहे, कारण ते राज्यही वसाहतीच्या तुरुंगांचा वारसा घेऊन चाललंय. १९९८ च्या कायद्यानं तिथे निरीक्षक न्यायाधीशाचं कार्यालय आलं. कैद्याचा मृत्यू, वेगळं कोंडून ठेवणं, बेड्या, बळाचा वापर, हे सगळं त्या कार्यालयाला कळवणं तुरुंगावर बंधनकारक आहे. आणि त्या कार्यालयाचे स्वतंत्र अभ्यागत तुरुंगांत जातात ते पगारी. जाहीर अर्ज मागवून, स्थानिक संस्थांचं म्हणणं ऐकून नेमलेले. चूक झाली ती पैशाची. या कार्यालयाचा खर्च, ज्याची तपासणी करायची त्याच तुरुंग खात्यातून यायचा. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं हे घटनेत बसत नाही म्हणून ठणकावलं: दुसऱ्याच्या तिजोरीवर जगणारा स्वतंत्र कसा?

यावर आपल्याकडचे आक्षेप मला पाठ आहेत. पहिला, मंत्रालयात वजन लागतं, ते आयपीएसलाच असतं. समाजकार्याची पदवी घेतलेल्या बाईला सचिव भेटीची वेळ तरी देतील का? आक्षेप खरा आहे. वजन माणसाबरोबर येतं तसं पदाबरोबरही येतं, हेही खरं आहे. महालेखापालांचा अहवाल विधिमंडळात ठेवावा लागतो, म्हणून सचिव तो वाचतात. तुरुंग निरीक्षकाचा वार्षिक अहवाल गृह विभागाला न जाता थेट विधिमंडळासमोर गेला, तर भेटीची वेळ सचिवच मागतील.

दुसरा, आधीच शिपाई कमी, त्यात आणखी एक साहेब डोक्यावर. हे म्हणणाऱ्या तुरुंग कर्मचाऱ्यांबद्दल मला सहानुभूती आहे. पण सलग ड्यूट्या, गळकी क्वार्टर्स, शेकडो कैद्यांमागे एक माणूस, हे आज नोंदवून घेणारं कोण आहे? खात्याच्या प्रमुखाला ते उघडपणे लिहिता येत नाही, कारण ती सरकारवर टीका ठरते. बाहेरच्या निरीक्षकाला लिहिता येतं. शिपायाची बाजू छापील कागदावर येण्याचा तो मला दिसणारा एकमेव सरळ मार्ग आहे.

तिसरा आक्षेप मला खरोखर विचारात पाडतो. पगार, बढती, निवृत्तिवेतन आलं की कामातली तळमळ जाईल आणि उरेल ते आणखी एक सरकारी कार्यालय. आज जे धडपडे लोक पदराला खार लावून आत जातात, त्यांची जागा फायली सरकवणारे घेतील. हे होऊ शकतं. महिला आयोग, मानवी हक्क आयोग यांची आपल्याकडे काय गत झाली ते दिसतंच आहे. कित्येक महिने अध्यक्ष नाही, सदस्य नाहीत, आणि नेमले तर सत्ताधारी पक्षाची सोय म्हणून. पण तळमळीच्या भरवशावर सोडलेल्या कामाची गतही आपण बघितली. तळमळ असलेली माणसं मोजकी असतात आणि ती थकतात. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते, साने गुरुजी लिहून घेत होते; त्या पिढीतला अर्धा अधिक नेतृत्ववर्ग तुरुंगाचं पाणी पिऊन आलेला. तीच पिढी स्वातंत्र्यानंतर सत्तेवर बसली आणि १८९४ चा तुरुंग कायदा होता तसाच राहिला. तुरुंग आतून बघितलेल्या, निःस्वार्थ माणसांच्या तळमळीनंही जे झालं नाही, ते आता कुणाच्या तळमळीनं होईल अशी आशा का धरायची?

१८९४ च्या त्या कायद्याच्या जागी आणायचा आदर्श कायदा केंद्रानं २०२३ मध्ये राज्यांकडे पाठवला. राज्यांनी आपापले कायदे आणि नियम करायचे आहेत. महाराष्ट्राला यात स्वतंत्र निरीक्षणालय उभं करता येईल, त्यासाठी दिल्लीची वाट बघायचं कारण नाही. पूर्वसूचना न देता कुठल्याही कारागृहात, कुठल्याही वेळी प्रवेश. कैद्याशी एकांतात बोलण्याचा हक्क. बोलणाऱ्या कैद्याला त्रास दिल्यास तो स्वतंत्र गुन्हा. खर्चाची तरतूद विधिमंडळाकडून. प्रमुखाची मुदत ठरलेली आणि ती पुन्हा न मिळणारी, म्हणजे मुदतवाढीसाठी कुणाची मर्जी राखायला नको. हे झालं वरचं. त्याखाली जिल्हावार निरीक्षकांची भरती: समाजकार्य, विधी, सार्वजनिक आरोग्य, मानसशास्त्र, लेखापरीक्षण अशा वेगवेगळ्या पार्श्वभूमीतून. तुरुंग सेवेतल्या अनुभवी अधिकाऱ्यांना इथे यायला वाट हवी, पण एकदा आलेल्यानं परत खात्यात जाता कामा नये.

आणि ज्यांनी तुरुंगात वर्षं काढली आहेत त्यांनाही वाट हवी. आठ-दहा वर्षं कच्चा कैदी राहून निर्दोष सुटलेला माणूस आपल्याकडे दुर्मीळ नाही. कॅन्टीनच्या पैशात कसा घोळ होतो, डॉक्टर कधी येतो आणि सही कधीची करतो, नव्या पोराला बरॅकमध्ये पहिल्या रात्री काय सोसावं लागतं, हे त्याच्याइतकं कुठल्या पदवीधराला कळणार? पण आजच्या चारित्र्य पडताळणीत तो पहिल्याच टप्प्यावर बाद होईल, निर्दोष सुटूनसुद्धा. भरतीच्या नियमांत त्याच्यासाठी स्पष्ट ओळ लिहावी लागेल, नुसत्या सदिच्छेनं तो आत येणार नाही. शिक्षा भोगून सुटलेल्यांना घ्यायचं का, यावर वाद होईल. माझं मत, ठरावीक काळानंतर आणि काही गुन्हे वगळून, घ्यावं.

निरीक्षणालयाचा पहिला प्रमुख कोण असेल यावर बरंच काही ठरेल, आणि आपल्याकडच्या सवयीप्रमाणे तिथे निवृत्त पोलीस महासंचालक किंवा निवृत्त न्यायमूर्ती यांचं नाव पुढे येईल. दोघांनाही नम्रपणे नाही म्हणावं. निवृत्तीनंतरची सोय म्हणून सुरू झालेलं पद तसंच राहतं, आणि मग खालच्या तिशीतल्या निरीक्षकाला दिसतं की वरची खुर्ची आपल्यासाठी नाहीच. पंचेचाळीस-पन्नाशीचं, या कामात पंधरा-वीस वर्षं घातलेलं कुणी तरी शोधावं. अशी माणसं महाराष्ट्रात आहेत. बहुतेक जण या क्षणी पुढच्या वर्षीच्या अनुदानाचा अर्ज भरत असतील.